चौथी खुर्ची

"मंग त्या पेन ड्राइव्हमंदी ते काय करतीन? झोपून राह्यतीन?"

उकंडराव कॉम्प्युटरला पाठ लावून उभे होते. दोन्ही हात मागे, टेबलाच्या कडेवर. जप्तीवाले आले की माणूस कपाटासमोर उभा राहतो ना, तसे.

"बाबा, ती फाइल हाय. फाइल झोपत नाही अन् जागतही नाही," अश्वजित म्हणाला. "सकाळपासून तेच सांगून राह्यलो. डिस्कमध्ये जागा नाही. जुना गेम काढल्याशिवाय दुसरा भाग बसत नाही."

"मंग नको बसवू."

"अन् जुना अडकते त्याचं काय? काल तुमच्यासमोर बंद पडला. एक दिवस असा बंद पडीन की उघडणारच नाही. मंग कुठून आणसान तुमची माणसं?"

'माणसं' हा शब्द तोंडातून गेला आणि अश्वजित स्वतःच थांबला. नागपूरला कंपनीत नोकरी करणारा पोरगा, पण बापाशी भांडताना बापाच्याच भाषेत उतरला होता.

वच्छला उंबऱ्याशी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "बोला, अजून जोरानं बोला," ती म्हणाली. "एक रिटायर लाइनमन अन् एक इंजिनेर गेमवरून भांडून राह्यले. आसेगावात अजून ऐकायचं कोणाचं राह्यलं असंल तं तेही येतीन."

"आई, तूच सांग यांना."

"मी काय सांगू? मले तं दोन्ही भाग बंद झालेले चालतीन."

हे तिनं चेष्टेनं म्हटलं, पण खरं म्हटलं. त्या गेमची तिला भीती वाटत होती. विहारातल्या बायकांच्या मंडळात अंगात येणं, नजर लागणं यांवर हीच बाई उभी राहून बोलायची. बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या. त्यामुळे भीती वाटते हे तिनं कोणाजवळ काढलं नव्हतं.

गेमचं नाव 'ग्रेमूर'. जंगलं, लांडगे, पडके किल्ले, तलवारी. अश्वजित कॉलेजात असताना खेळायचा. मग तो नोकरीला लागला आणि कॉम्प्युटर घरी जुन्या साडीखाली झाकून पडला. उकंडराव रिटायर झाले त्याच वर्षी घराच्या जिन्यावरून पडले. जन्म विजेच्या खांबांवर काढलेला माणूस घरच्या चार पायऱ्यांवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवरून उठायची बंदी. खाटेवरचा माणूस दिवसभर छताकडे बघतो आणि बायकोच्या कामात चुका काढतो. त्यावर उपाय म्हणून अश्वजितनं टेबल खाटेला लावलं, कॉम्प्युटर पुसला, आणि तो गेम बापाला सुरू करून दिला.

गेमनं आधी चार वीरांची नावं विचारली. उकंडरावांनी एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधत पहिलं नाव घातलं, तुळशीराम. दुसरं, गौतम. तिसऱ्या जागी ते थांबले. बराच वेळ थांबले आणि काही न लिहिता बटण दाबलं. जागा रिकामी ठेवलेली गेमला चालत नव्हती. त्यानं आपल्याच यादीतलं एक नाव तिथं टाकलं, 'मैना'. उकंडरावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि तसंच राहू दिलं. चौथं नाव स्वतःचं.

वच्छलेला पहिली दोन नावं माहीत होती. लग्नानंतर सासूनं एकदाच सांगितली होती. उकंडरावांच्या आधी या घरात तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. तुळशीराम रांगायला लागून गेला. गौतम धम्म घेतल्यानंतरचा, म्हणून ते नाव. तो पाऊल टाकायला लागून गेला. तिसरी मुलगी. ती नाव ठेवायच्या आतच गेली, त्यामुळे तिला कोणी कधी हाक मारली नव्हती.

चौथा झाला तेव्हा घरात देव उरले नव्हते, पण धास्ती होती. सासरा कामावर गेलेला बघून सुईणीनं बाळ सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर, शेण आणि राखेच्या त्या ढिगावर, नेऊन ठेवलं. गल्लीतली भागिरथा, नवी लग्न होऊन आलेली, ठरल्याप्रमाणे तिथून गेली, बाळ उचललं आणि ओंजळभर कोंड्याच्या बदल्यात आईला देऊन टाकलं. म्हणजे हे पोरगं घरचं नाही, टाकलेलं आहे, कोणाच्या कामाचं नाही. मरणानं इकडे बघायचं कारण नाही. नाव उकंडाच ठेवलं. शाळेत पोरं हसली. मरण काही आलं नाही.

पण नुसत्या नावानं भागत नव्हतं. अशा पोराला नवा कपडा आधी घालायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या अंगावरून उतरलेला घालायचा. पहिली भाकर वाढायची नाही. आणि चांगलं म्हणायचं नाही. वच्छला नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूनं तिला चुलीजवळ बसवून सांगितलं होतं, "त्याले तोंडावर चांगला म्हणू नको, पोरी. मनात म्हण. मोठ्यानं नको."

वच्छलेनं हो म्हटलं. त्या वयात बाई सासूला कशालाही हो म्हणते. सासू गेली, आणि सवय राहिली. नवरा दारू प्यायचा नाही, पगार हातात आणून द्यायचा, तिच्या आईच्या आजारपणात त्यानं महिनाभर दवाखान्यात डबा पोचवला होता. तिनं एका शब्दानं कधी चांगलं म्हटलं नाही. आजही त्यांचा नवा सदरा आधी अश्वजित घालायचा, मगच ते. या खेपेला नागपूरहून गेमच्या दुसऱ्या भागाबरोबर त्यानं निळा सदरा आणला होता. तो पुडक्यात तसाच कपाटावर पडला होता, कारण अश्वजितला घालायला सवड झाली नव्हती.

आता एक मानोरा गावाकडचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उकंडराव आणि सेवालाल नावाचा त्यांचा सोबती, दोघं शेजारशेजारच्या खांबांवर होते. कोणाच्या तरी चुकीनं बंद असलेली लाइन सुरू झाली. सेवालाल खांबावरच गेला. उकंडराव त्याच तारेच्या हातभर अंतरावर पट्ट्याला लटकत होते आणि त्यांना साधा चटकाही लागला नाही. खाली उतरल्यावर लोक म्हणाले, उकंडा हाय तो, त्याले काय होते. घरी येऊन ते जेवले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, "मरण मले पाहून बाजूच्याकडे जाते, वच्छला."

गेममध्येही तेच झालं. त्यांनी आपल्या उकंड्याला चिलखत दिलं नाही, तलवार दिली नाही. मिळालेली चांगली वस्तू तिघांना, आणि उकंडा फाटक्या कापडात. जंगलात लांडगे आले की उकंड्याला ओलांडून मागच्या तिघांवर जायचे. फोनवर हे ऐकून अश्वजित हसला होता. "बाबा, गेम तसाच बनवलेला हाय. ज्याच्या अंगावर काही नाही त्याला जनावरं शेवटी धरतात."

उकंडराव हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिघांना लढाईला नेणंच बंद केलं. गावाबाहेरच्या एका धर्मशाळेत त्यांना बसवून ठेवलं. तिथं शेकोटी होती, टेबल होतं, चार खुर्च्या होत्या. तिघं तीन खुर्च्यांवर. उकंडा एकटा फाटक्या कपड्यात जंगलात जायचा, मेलेल्या सैनिकांजवळ पडलेलं काहीबाही गोळा करायचा, आणि तिघांसाठी भाकरी, लोकरीची वस्त्रं, मुलीसाठी एकदा लाल मण्यांची माळ घेऊन परत यायचा. गेमची गोष्ट पुढे गेलीच नाही. त्यांना न्यायचीही नव्हती. हाड जुळलं, ते चालायला लागले, तरी रोज दिवेलागणीला ते खाटेच्या कडेवर बसायचे आणि धर्मशाळेत जायचे.

उकंडा दारातून आत आला की तिघंही माना वळवायचे आणि एका सुरात इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. एक बाप्याचा आवाज, एक पोराचा, एक मुलीचा. स्वयंपाकघरात वच्छलेच्या कानावर ते रोज पडायचं. तिनं अश्वजितला अर्थ विचारला होता.

"काही नाही आई. 'उशीर केलास' म्हणतात."

अर्थ कळला नसता तर बरं झालं असतं. मग एकदा ती टेबल पुसत होती. उकंडराव अंगणात होते. तिचा हात माउसला लागला. झोपलेला पडदा उजळला आणि त्या तिघांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं. फडकं तिथंच टाकून ती बाहेर आली होती.

तर असं ते भांडण. शेवटी अश्वजितनं युक्ती काढली. "जुन्याला हात लावत नाही. तुमची फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतो अन् दुसऱ्या भागात टाकून दाखवतो. त्यात तुमची माणसं पुढं जातात, नावानिशी. पाहा, आवडलं तं ठेवू. मी उद्या निघणार, तवा आजच काय ते ठरवा."

उकंडराव टेबलापासून बाजूला झाले.

लॅपटॉप खाटेवर ठेवला. वच्छला शेंगांची टोपली घेऊन मागे येऊन उभी राहिली. बघायचं नाही असं म्हणत म्हणत. आधी पडद्यावर नुसतं धुकं होतं. मग त्यातून एक रस्ता निघाला.

"तोच रस्ता हाय," उकंडराव म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "हा नाला. आता उजव्या हाताले विहीर येईन पाह्य."

विहीर आली. दगडांनी बुजवलेली होती. रस्त्याकडेची झाडं दांडगी झाली होती आणि त्यांच्या मुळ्यांनी रस्ता उखडला होता. गावाच्या वेशीवर माणूस नव्हतं. उकंडराव पुढे सरकून बसले. धर्मशाळा दिसली. तिचं अर्धं छप्पर खाली आलं होतं. शेजारी झाडाखाली तीन दगड उभे होते.

अश्वजितनं जवळ नेलं. दगडांवर नावं होती. तुळशीराम. गौतम. मैना.

"पाहा, नावं आली ना?" तो उत्साहात बोलून गेला, आणि मग त्यानं खालचा मजकूर वाचला. त्याचा आवाज उतरला. "बाबा, ते… दुसरा भाग दोनशे वर्षांनंतरचा हाय. मले माहीत नव्हतं."

"मेले?"

"दोनशे वर्षं झाली बाबा."

"कधी मेले? कोण होतं जवळ?"

उकंडरावांनी पडद्याला बोट लावून दगड मोजल्यासारखे केले. "माह्या नावाचा कुठं हाय?"

अश्वजितनं झाडाला फेरी मारली. मागे बघितलं, पुढे बघितलं, गवतात बघितलं. चौथा दगड नव्हता. "काहीतरी चूक असंल गेमची," तो म्हणाला. "आत पाहू."

आत शेकोटी पेटलेली होती. अख्ख्या गावात माणूस नाही, छपरातून आभाळ दिसतं, आणि शेकोटी पेटलेली. टेबल होतं. चार खुर्च्या होत्या आणि चारही रिकाम्या. अश्वजितनं एक पाऊल आत टाकलं आणि तो ओळखीचा आवाज आला. बाप्याचा, पोराचा, मुलीचा, एका सुरात. उशीर केलास.

कोणीच दिसत नव्हतं.

"जुन्या गेमचा आवाज घेतला असंल," अश्वजित म्हणाला, पण त्यानं मानेवरून हात फिरवला. चौथ्या खुर्चीजवळ एक चौकट उमटली होती. त्यात एक प्रश्न आणि खाली हो आणि नाही.

"काय म्हणते?" उकंडरावांनी विचारलं.

"बसायचं का, म्हणते."

त्याचं बोट बटणाकडे गेलं आणि वच्छलेनं लॅपटॉपचं झाकण धाडकन खाली पाडलं. तुरीच्या चिकानं काळे झालेले तिचे हात त्या चंदेरी झाकणावर उमटले. टोपली उलटून तुरीचे सोले खाटभर झाले.

"आई! तुटला असता ना!"

"तुटू दे."

"झालं तरी काय?"

"भूक लागली नाही काय कोणाले," ती म्हणाली आणि खाली वाकून सोले वेचू लागली. उकंडराव झाकलेल्या लॅपटॉपकडे बघत होते. अश्वजित पाय आपटत गाडी घेऊन मंगरूळला गेला, मित्राला भेटून येतो म्हणून.

वच्छलेनं सोल्यांची भाजी टाकली, वाटीत काढली, वाटीवर ताटली झाकली आणि भागिरथेच्या घरी गेली. भाजीचं निमित्त होतं. ती घरात थांबू शकत नव्हती हे खरं.

भागिरथा आता पार वाकलेली, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. ओसरीत उन्हाला पाठ देऊन बसली होती. वाटी हुंगून म्हणाली, "सोले हाय. मीठ कमीच असंल, तुह्या हातानं जास्त पडत नाही."

"भागिरथामाय, एक इचारू? आमच्या घरची ती तिसरी पोट्टी. नाव ठेवायच्या आत गेली ती. तिले घरात काही म्हणत होते काय?"

म्हातारीनं ताटली खाली ठेवली. "आज काहून आठवली तुले?"

"सहज."

"सहज कोणी इचारत नाही. तुही सासू म्हणे तिले. कोणासमोर नाही, पाजतानी, हळू. मी जवळ होती म्हणून मले माहीत. मैना म्हणे."

उतरत्या उन्हात अजून ऊब होती. तरी वच्छलेनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"अश्वजितच्या बाबाले सांगतलं होतं तुमी हे?"

"मी काहून सांगू? मेलेल्या लेकराचं नाव जितं लेकरू समोर असतानी कोणी काढते काय? आज पह्यल्यांदा तुले सांगतलं." म्हातारीनं तिला खालून वर न्याहाळलं. "बरा हाय ना तो?"

"बरा हाय. अजून तसंच हाय सगळं. नवा सदरा आधी पोट्टा घालते, मंग ते."

"काय बोलते!" भागिरथेनं कपाळावर हात मारला. "अजून? अवं, लग्नापर्यंतच असते ते! तो नथ्थू माळी पाह्यला ना, त्याच्या नाकात नथ होती का नाही? लग्नात काढली का नाही? तसंच उकंड्याचं. जिनं उचलला तिनं हळदीच्या दिवशी त्याले कोरा कपडा घालायचा अन् चारचौघात म्हणायचं, पोरगा चांगला हाय, घरचा हाय. झालं. सुटला."

"मंग तुमी काहून नाही केलं?"

"बोलावलं कोण मले? मी कोरा सदरा शिवून बसली होती. तुह्या सासऱ्यानं निरोप धाडला, आपलं लग्न बौद्ध पद्धतीनं हाय, जुनं काही करायचं नाही. तेही बरोबरच होतं त्याचं. पण मंग टाकायच्या वक्ताले जुनं चाललं तुमाले, अन् उचलायच्या वक्ताले नवं आठवलं? अर्धं केलं अन् अर्धं सोडलं. उचलून आणलेलं लेकरू तसंच ठेवलं वं उकंड्यावर."

वाटीही परत न घेता वच्छला उठली. सासूनं सांगितलं होतं, चांगला म्हणू नको. कधीपर्यंत, ते सासूनं सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. हे सगळं आपण मानत नाही, म्हणून त्यावर बोलायचंच नाही. आणि बोलायचं नाही म्हणून ते चालूच राहिलं. घरात कितीतरी गोष्टी अशाच चालू राहतात.

ती परतली तेव्हा सूर्य बुडाला होता. घरात दिवा लावलेला नव्हता. समोरच्या खोलीत शेकोटीचा तांबूस उजेड हलत होता.

उकंडरावांनी लॅपटॉप उघडला होता. खाटेच्या कडेवर ताठ बसले होते, दवाखान्यात नावाचा पुकारा होण्याची वाट बघत बसतात तसे. चौकट तशीच होती. हो आणि नाही. एक बोट 'हो'च्या बटणावर टेकलेलं होतं, दाबलेलं नव्हतं.

वच्छलेनं पडद्याकडे बघितलं. तीन खुर्च्या टेबलापासून थोड्या मागे सरकलेल्या होत्या, बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना जागा लागते तेवढ्या. चौथी टेबलाला लागून होती. दुपारी चारही टेबलाला लागून होत्या का? तिनं आठवून बघितलं. आठवेना.

"बलावून राह्यले," उकंडराव म्हणाले. मान न वळवता. "कवाचे बलावून राह्यले. बाहेर माह्या नावाचा गोटा नाही, वच्छला. तिघायचा हाय. माह्यी जागा अंदर हाय."

"हात काढा तिथून."

"म्या त्याइले बसवून ठेवलं. म्हटलं, बाहेर नेलं तं मरतीन, मले सोडून त्याइलेच धरतीन. बसल्या जागी मेले. अन् मी कुठं होतो?"

ती त्यांच्या शेजारी बसली. खाट करकरली. अंधारात त्यांच्या अंगावरचा सदरा तिला दिसत होता, अश्वजितच्या अंगावरून उतरलेला, कॉलरीला फिका पडलेला.

"मी भागिरथामायकडे गेली होती," ती म्हणाली. "ती म्हणे, ते उकंड्याचं लग्नातच संपायचं होतं. तिनं कोरा सदरा शिवला होता तुमच्यासाठी. तुमच्या बाबानं येऊ दिलं नाही तिले. इतकी वर्षं फुकट गेली. तुमची अन् माह्यी."

उकंडरावांनी मान वळवली. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

वच्छलेला शब्द जुळवता येईनात. जी गोष्ट कधी बोललीच नाही तिला तोंडात जागा नसते. तिनं पदराला हात पुसले, नसलेला चीक पुसल्यासारखे.

"तुमच्यासारखा चांगला माणूस मी पाह्यला नाही," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. रागावल्यासारखा आवाज निघाला.

उकंडराव दचकले. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. कोणी नव्हतं. अंगणात काही हललं नाही.

आणि लॅपटॉपमधून आवाज आला. तिघांचा, एका सुरात.

उशीर केलास.

या खेपेला ते आपल्यालाच म्हटलेलं आहे याबद्दल वच्छलेला शंका वाटली नाही. पण ती उठली नाही. पडद्याकडे, त्या तीन सरकलेल्या खुर्च्यांकडे बघून तिनं उत्तर दिलं. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना देतात तसं, मान राखून पण स्पष्ट.

"हो, झाला उशीर. अन् अजून लय उशीर होईन. यायची वाट पाहू नका."

शेकोटी जळत होती. मग उकंडरावांचं बोट बटणावरून उचललं गेलं, बाजूच्या 'नाही'च्या बटणावर गेलं आणि ते त्यांनी दाबलं. चौकट गेली. वच्छलेनं उठून दिवा लावला. उजेडात खोली नेहमीचीच निघाली. खाटेखाली दुपारचे दोन सोले राहून गेले होते, ते तिनं उचलले. मैनाच्या नावाबद्दल भागिरथेकडून जे कळलं ते तिनं त्यांना सांगितलं नाही. पुढेही ती सांगणार नव्हती. ते सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा ती चौकट उघडली असती.

सकाळी अश्वजित बॅग भरत होता. कालचा राग त्याच्या हालचालीत अजून थोडा होता. वच्छला भाकरी थापत होती. तव्यावरची पहिली भाकर उतरली तेव्हा तिनं ती उकंडरावांच्या ताटात टाकली आणि दुसरीला हात घातला.

उकंडराव मधल्या दारातून आले. अंगात निळा सदरा होता. पुडक्यातल्या घड्या पाठीपोटावर आखलेल्या, कॉलरीतला पुठ्ठा काढायचा राहून गेलेला.

"बाबा," अश्वजित म्हणाला, "तो मी अजून घातला नव्हता."

"मालूम हाय."

अश्वजितनं आईकडे बघितलं. आई भाकर थापत राहिली. उकंडराव ताटावर बसले, पहिल्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घालण्याआधी म्हणाले,

"जुना गेम काढून टाक. दुसरा बसव. अन् त्या खुर्चीवर या घरातलं कोणी बसणार नाही."